रहीमचाचांनी आखलेले तीन दिवस

अकोल्यात मार्च ते जून रहीमचाचांना धड जेवायला वेळ मिळत नाही. जुन्या शहरात आमच्या घरासमोर त्यांचं कूलरचं दुकान आहे. पत्रा कापायचा, डबा ठोकायचा, जाळ्यांत गवत भरायचं, मोटर बसवायची, हे सगळं ते चाळीस वर्षांपासून स्वतःच्या हातानं करतात. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की दुकानासमोर माणसं उभी राहून भांडतात, आणि चाचा तोंडात स्क्रू धरून मान हलवतात. हिवाळा आला की मात्र हा माणूस कासावीस होतो. हातांना काम नसलं की त्यांचं पोट दुखतं, असं हलीमाचाची म्हणते. एका हिवाळ्यात त्यांनी गल्लीतल्या सगळ्या करकरणाऱ्या दारांना तेल घातलं. दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या गच्चीवर माकडं येऊ नयेत म्हणून तारांचं असं काही जाळं विणलं, की माकडं यायची थांबली आणि आम्हालाही गच्चीवर जाता येईना.

अब्दुल रहीम हे त्यांचं पूर्ण नाव. वय सहासष्ट. घरात ते आणि हलीमाचाची दोघंच. मुलगा परवेज पुण्याला असतो. मी कॉलेजात शिकवते, आईबरोबर राहते, आणि चार वर्षांची असल्यापासून चाचांच्या दुकानातल्या स्टुलावर बसत आले आहे. म्हणून मागच्या हिवाळ्यात जे झालं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

डिसेंबरातली दुपार होती. चाची आमच्या ओट्यावर तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत बसली होती आणि मी तिला मोबाइलवर कोणाकोणाचे सहलीचे फोटो दाखवत होते. त्यात कच्छच्या रणाचा एक फोटो आला. पांढरीशुभ्र जमीन आणि त्यावर एक उंट. चाचीचा हात थांबला.

"हे काठेवाड्यायचं गाव नं?" ती म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. चाचीचं माहेर दर्यापूरजवळच्या एका खेड्यातलं. तिथं दरवर्षी कापूस निघाल्यावर कच्छकडचे मेंढपाळ यायचे. गाव त्यांना काठेवाडी म्हणायचं. खतासाठी चाचीचे वडील त्यांची मेंढरं आपल्या वावरात बसवून घेत. उंटांवर उलट्या बाजा बांधलेल्या, त्या बाजांत कोंबड्या, भांडी आणि लहान मुलं. चाची सहा वर्षांची असताना त्यांच्यातल्या एका बाईनं तिला उचललं, आपल्या पोराशेजारी उंटावर ठेवलं आणि वावराला एक चक्कर मारून आणलं.

"माय भल्ली चिडली माही," चाची हसली. "पन वरून मले पल्याडच्या गावची मस्जिद दिसली, मंदिराचा कळस दिसला. थ्या बाईले म्या इचारलं, तुमचं गाव कुठी हाये? तिनं असा हात केला दूर, अन् म्हने, तिकडं मीठच मीठ हाये."

रस्त्यापलीकडे दुकानात चाचा पक्कड हातात घेऊन उभे होते. गल्ली अरुंद आहे, सगळं ऐकू जातं. ते आले आणि ओट्याखाली उभे राहिले.

"चव्वेचाळीस वर्षं झाले लग्नाले. मले कधी सांगतलं नाई तू?"

"तुमी कधी बसले काय?" चाची म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

त्याच संध्याकाळी चाचांनी चाचीला कच्छला न्यायचं ठरवलं आणि बेत लिहायला शंभर पानी वही आणली. त्या दोघांचं आपसातलं बोलणं घरात उर्दूत चालतं, आमच्यासमोर वऱ्हाडीत. ही वही मात्र मराठीत होती, कारण त्यात मलाही लिहावं लागणार होतं. तारखा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातल्या ठरल्या. फेब्रुवारीत कूलरची कामं सुरू होतात, त्यामुळे चाचांना आठवडाभराच्या वर घर सोडता येत नव्हतं. येण्याजाण्याचे दिवस गेले की हातात उरत होते तीन. "तूबी चाल मंजू," चाची म्हणाली. "हे मले चालवता चालवता मारून टाकतीन. कोनी पाह्यले पाह्यजे."

तीन दिवसांना चाचांनी पंधरा पानं वापरली. पहिला दिवस, दुपारी आराम, चार वाजता पांढरं रण, मिठावर चालणं, सूर्यास्त. दुसरा दिवस, काळो डुंगर नावाच्या टेकडीवरून सूर्योदय. तिसरा दिवस, छारी धांड नावाच्या मोठ्या पाणथळीवर पक्षी. चौथ्या ओळीत "उंट" एवढंच लिहून पुढं तीन प्रश्नचिन्हं काढली होती. कारण चाचीचे गुडघे. दोन्ही गुडघे गेलेले. अमरावतीच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं आणि दोन वर्षं ती "पाहू" म्हणत होती.

सगळा बेत त्या गुडघ्यांभोवती शिवलेला होता. चाचांनी मला भुजच्या लॉजवाल्याला फोन लावायला सांगितला आणि स्वतः बोलले. खोलीपर्यंत पायऱ्या किती? गाडी थांबते तिथून मीठ किती पावलांवर? उंटगाडीची पायरी जमिनीपासून किती उंच? लॉजवाला बिचारा म्हणाला, "चाचा, आप आ जाओ, सब हो जाएगा."

चाचांनी फोन ठेवला. "सब हो जाएगा म्हंजे याले काईच मालूम नाई."

मग त्यांनी अॅल्युमिनिअमच्या नळ्या कापून एक वस्तू तयार केली. मिटवली की काठी, उघडली की नवारीचं स्टूल. आणि रोज सकाळी सात वाजता कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर सराव सुरू झाला. चाचा सायकल हातात धरून पुढे, चाची मागे, सुट्टी असली की मी तिच्याबरोबर. दोनशे पावलं झाली की चाचा सायकल उभी करून स्टूल उघडायचे. चाची बसायची, पाणी प्यायची, उठायची. पहिल्या आठवड्यात चारशे पावलांवर ती रडकुंडीला आली. तिसऱ्या आठवड्यात न बसता सहाशे पावलं चालली आणि मग म्हणाली, "हे फिराले जानं हाये का पोलीस भरती?"

एका बाबतीत मात्र चाचांनी कोणाचं ऐकलं नाही. त्यांनी सामानात कांदे घेतले, ग्लुकोजचे डबे घेतले, पांढरे दुपट्टे घेतले, डोक्याला बांधायला जादा कापड घेतलं. मी म्हटलं, "चाचा, जानेवारीत तिथं कडक थंडी असते."

"वाळवंटात थंडी?" ते हसले. "कोनाले शिकवतं तू? चाळीस वर्षं डेझर्ट कूलर बनवून राह्यलो मी. अकोल्याच्या मानसाले वाळवंट काय करीन?"

नंतर चाची मला एकटीला गाठून म्हणाली, "थे काठेवाडी जाड जाड काळी घोंगडी घेऊन येत. गरमीच्या मुलखातले मानसं घोंगडी कायले इनतीन?" तिनं गुपचूप दोन शाली, चाचांचा स्वेटर आणि माकडटोपी पिशवीच्या तळाशी घातली.

अहमदाबादला गाडी बदलून आम्ही सकाळी भुजला उतरलो. लॉजला पायऱ्या नऊ निघाल्या. नंतरच्या एका फोनवर लॉजवाल्यानं पाच सांगितल्या होत्या, त्यावरून चाचांनी त्याला दारातच धरलं. दुपारी जुसबभाई नावाचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, हिंदी समजणारा माणूस.

पहिल्या संध्याकाळचा बेत वाटेतच घसरला. रणात जायला परवाना लागतो आणि त्या खिडकीवर भली मोठी रांग होती. चाचांकडे सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या तीन-तीन प्रती होत्या, पण रांगेपुढे त्यांचा उपयोग नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. उंटगाड्यांभोवती ही गर्दी. एक गाडी रिकामी झाली तसे चाचा धावले, पण चाचीनं हात वर केला.

"इतके दिवस चालवलं मले. आता गाडीत बसू?"

ती चालली. पायाखाली आधी चिखलासारखं करडं, मग कुरकुरीत, मग पांढरं. चाचा एक पाऊल मागं, हातात स्टूल. दोनदा उघडलं, दोनदा ती बसली. तिसऱ्यांदा चाचांनी उघडलं तर म्हणाली, "मिटवा." गर्दी मागं राहिली आणि समोर काहीच उरलं नाही, नुसता पांढरा पसारा आणि त्याच्या टोकाला लाल सूर्य. चाचीनं मला हात धरायला लावला, हळूच वाकली, चिमूटभर मीठ उचलून जिभेवर ठेवलं.

"हे तं आमच्या इहिरीचं पानी हाये," ती म्हणाली.

दर्यापूरकडचा सगळा पट्टा खारपाणाचा. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. चाची लहानपणी दीड कोस चालून गोडं पाणी आणायची. तिच्या चेहऱ्यावर आता जे होतं ते पाहून मला वाटलं, तिला इथं काही परकं वाटतच नव्हतं.

सूर्य बुडाला आणि वारा सुटला. असा वारा की कानात सुया. मी जॅकेटची चेन ओढली, चाचीनं दोन्ही शाली काढल्या, एक चाचांपुढे धरली. जुसबभाई बघत होता. चाचा म्हणाले, "मले नाई लागत." अंगात पातळ सुती कुडता, डोक्याला उन्हाचा दुपट्टा. गाडीत बसेपर्यंत त्यांचे दात वाजत होते, आणि तरी म्हणत होते, "ही थंडी नाई, हवा हाये."

सकाळी त्यांना एकशे दोन ताप होता. डॉक्टर लॉजवर येऊन गेले. छाती साफ आहे, पण दोन दिवस बाहेर पडायचं नाही, म्हणाले. काळो डुंगरचा सूर्योदय तर डॉक्टर यायच्या आधीच होऊन गेला होता. चाचा दोन रजयांखाली पडून होते. वही छातीवर.

"तू अन् मंजू जा," ते चाचीला म्हणाले.

"तुमाले सोडून?"

"मी पडलो म्हनून तू कावून पडतं? गाडी सांगतली हाये. दिवस लिहेल हायेत."

बासष्ट वर्षांत चाची घरच्या पुरुषाशिवाय कुठं बाहेरगावी गेलेली नव्हती. आधी वडिलांबरोबर, मग नवऱ्याबरोबर, नाहीतर परवेजबरोबर. दहा वाजेपर्यंत ती पलंगाशी बसून राहिली. मग लॉजवाल्याची आई आलं घातलेला काढा घेऊन आली, खुर्ची ओढून बसली आणि खुणेनं सांगू लागली, जा तुम्ही, मी आहे. चाचीनं चाचांच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग त्यांच्या छातीवरची वही उचलली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तीन प्रश्नचिन्हांच्या ओळीवर.

"पह्यले हे करू," ती मला म्हणाली.

चाचांनी डोळे उघडले, पण काढ्याचा घोट तोंडात होता.

जुसबभाईला मी सांगितलं, रांगा लावून फोटो काढतात तसला उंट नको, उंटवाल्यांची वस्ती दाखव. त्यानं विचार केला आणि नखत्राणा गावाच्या वाटेनं आत एका वाडीवर नेलं. वेड्या बाभळींच्या पलीकडे दहा-बारा घरं, बरीचशी बंद. एका अंगणात बाजेवर काळ्या लोकरीच्या पेहरावातली म्हातारी भरतकाम करत बसली होती. वेजीबेन तिचं नाव. जुसबभाईनं तिला कच्छीत सांगितलं की या महाराष्ट्रातून, अकोल्याहून आल्या आहेत.

म्हातारीनं सुई कापडात खोचली आणि मान वर केली.

"कोनतं अकोला? मूर्तिजापूरच्या बाजूचं?"

चाची आणि मी एकमेकींकडे पाहतच राहिलो.

"तुमाले आमची बोली येते?" चाचीनं विचारलं.

"कावून नाई येईन? तीस हिवाळे काढले तिकडं. मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव. माहा लेक, सून, नातू, समदे आता तिकडंच हायेत, तुमच्याच गावाकडं. माहे पाय गेले म्हनून मी घरी." तिनं चाचीच्या पायांकडे पाहिलं. "तुहेबी गेले वाट्टे."

चाची तिच्या बाजेवर बसली. मग दोघी अशा बोलत सुटल्या की जुसबभाई गाडीत जाऊन झोपला. चाचीनं माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. वेजीबेन म्हणाली, "थ्या गावची इहीर खारी. चहा नासे." चाची इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिनं ती वावरातली चक्कर सांगितली, ती बाई सांगितली. वेजीबेननं बोटांवर वर्षं मोजली आणि मान हलवली.

"मी नोय. तवा माहं लगीनबी नोयतं. माही सासू असंन, नाई तं तिची बहीन. आमच्या बाया कोनाचेबी लेकरं उंटावर टाकत." थोडं थांबून ती म्हणाली, "बसतं काय तू?"

परसात एक म्हातारी उंटीण होती. वेजीबेननं तोंडानं आवाज केला तशी ती गुडघे मोडून खाली बसली. खोगीर म्हणून एक जुनं घोंगडं टाकलं. गाडीतून आणलेलं चाचांचं स्टूल पायरी म्हणून लावलं. चाचीचा उजवा पाय वर जाईना. मी मागून ढकललं, वेजीबेननं पुढून ओढलं, दोघींच्या तोंडून शिव्या निघाल्या आणि चाची एकदाची वर पोचली. उंटीण मागच्या पायांवर उठली तेव्हा चाची "या अल्ला" म्हणून एवढ्यानं ओरडली की जुसबभाई जागा झाला. मग उंटीण पूर्ण उभी राहिली आणि चाची गप्प झाली.

वेजीबेन लंगडत पुढे, मी बाजूला. शंभर पावलं जायचं आणि परत यायचं. चाचीची शाल वाऱ्यानं मागं उडत होती. तिनं एका हातानं घोंगडं धरलं होतं आणि दुसरा हात डोळ्यांवर धरून ती लांब कुठंतरी पाहत होती. मी मोबाइल काढला, पण चाचीला आधार द्यायला लगेच हात मोकळा करावा लागला, म्हणून व्हिडिओ निघाला फक्त चौदा सेकंदांचा.

उतरताना गुडघा पिरगळला. वेजीबेननं तिला बाजेवर झोपवलं, कोमट तेल आणून अर्धा तास गुडघा चोळला. निघताना चाचीनं तिला लेकाचा नंबर मागितला. "आमच्या वावरात आता भाऊ हाये," ती म्हणाली. "त्याले सांगतो, माये. मेंढरं बसवा म्हना तिथं, पानी गोडं हाये आता, नळाचं."

संध्याकाळी ताप उतरला होता. चाचा उशीला टेकून बसले होते. चाचीनं त्यांना सगळं सांगितलं, सासूच्या बहिणीपासून तेलापर्यंत. मी व्हिडिओ लावून मोबाइल हातात दिला. त्यांनी चौदा सेकंद पाहिले.

"किती उंच होता?"

"मोजला नाई," चाची म्हणाली.

त्यांनी पुन्हा लावला. मग पुन्हा. मग मोबाइल रजईवर ठेवून भिंतीकडे तोंड केलं. "माह्यावाचून केलं तू."

"तुमीच लिहून ठेवलं होतं नं?"

चाचीनं माझ्याकडे पाहून डोळ्यांनी खूण केली, मी बाहेर आले. दाराबाहेर उभी होते तेव्हा आत दोघं उर्दूत हळू आवाजात बोलत होते, आणि मग चाचांचं हसू ऐकू आलं, खोकल्यात मिसळलेलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दुपारी, उन्हात, गाडीतून जायला हरकत नाही म्हटलं. बेत आता चाचीच्या हातात होता. तिनं चाचांना स्वेटर घातला, त्यावर शाल, त्यावर माकडटोपी. आरशात पाहून चाचा म्हणाले, "दुकानातलं कोनी पाह्यलं तं गिऱ्हाईक तुटीन."

छारी धांडच्या काठावर पाणी आरशासारखं होतं. चाचांना अशक्तपणा आला होता. पन्नास पावलांवर ते थांबले. चाचीनं स्टूल उघडलं, त्यांना बसवलं आणि स्वतः त्यांच्या खांद्यावर हात टेकून उभी राहिली. ऊन कलू लागलं तसे करकोचे आले. आधी नुसता आवाज, मग एक ओळ, मग दुसरी, मग आभाळभर. चाचा बोट नाचवत मोजायला लागले. एकशे चाळीसपर्यंत गेले. मग ओळी एकमेकींत मिसळल्या, बोट तसंच हवेत राहिलं आणि ते तोंड उघडं टाकून वर बघत बसले. अंधार पडायच्या आत चाचीनं त्यांना उठवलं.

परतताना गाडीत चाची खिडकीशी बसली होती. सुरतेच्या पुढं कुठंतरी ती म्हणाली, "मंजू, अमरावतीच्या डॉक्टरले फोन लाव." मी म्हटलं, काय सांगू? "तारीख दे म्हना. उजव्या पायाची पह्यले."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अमरावतीला ऑपरेशन झालं. नेमकं त्याच आठवड्यात अकोल्यात ऊन तापलं आणि कूलरवाल्यांकडे लोकांची ये-जा सुरू झाली. चाळीस वर्षांत हंगामाच्या तोंडावर चाचांचं दुकान कधी बंद नव्हतं. या वेळी त्यांनी शटर ओढलं आणि त्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: "घरवालीचे ऑपरेशन. दुकान आठ दिवस बंद. गरमी जास्त वाटल्यास समोर मंजूताईच्या घरी बसावे."

शटरवरच्या या मजकुराबद्दल मला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या दुपारी मागच्या गल्लीतले खुशालराव आले, आमच्या कूलरसमोरची खुर्ची ओढून बसले आणि आईला म्हणाले, "रहीमभाईनं लिहेल हाये म्हनून आलो." त्यांना आईनं चहा दिला. दुसऱ्या दिवशी चार जण होते.